नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मराठीत एका मात्रेने अर्थ उलटतो. बाळाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. हा लेख या दोन्ही गोष्टींबद्दल आहे, आणि माझ्या तोंडून गेलेल्या एका वाक्याबद्दलही. ते वाक्य तुमच्यापुढे कबूल केल्यावाचून पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

मी सिहोऱ्याचा. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, चांदपूरच्या तलावाजवळ आमचे गाव आहे. सगळा धानाचा मुलूख. दिवसा मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला उभा राहत असे. सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत माझे टाळ खाली पडत नसत. लोक मला गुरुजीही म्हणत आणि बुवाही म्हणत. मला दोन्ही आवडे.

2003 साली माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. डोळे किंचित वर तिरपे, मान सैल, जीभ थोडी बाहेर, तळहातावर एकच आडवी रेघ. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले. काही आठवड्यांनी कागद आला, त्यावर लिहिले होते: 47, एक्स-वाय, अधिक 21. डाउन सिंड्रोम. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आवाज ठीक वाटत नाही, मोठ्या शहरात नेऊन तपासून घ्या.

त्या रात्री मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारले, "बाबा, माझ्याच बाळाला का?" ज्या माणसाने वीस वर्षे फळ्यावर गुणसूत्रांच्या जोड्या काढल्या, तो तिला म्हणाला, "मागच्या जन्मीचे काही राहिले असेल बाई. भोगून संपवायचे."

ती काही बोलली नाही. बाळाचे हृदय तपासायला आम्ही अकरा महिने गेलो नाही. भोगून संपवायचे म्हटल्यावर गाडी कशाला करायची? ही पोरे जगत नाहीत, असे चार जाणत्यांनी सांगितले होते आणि मी मान हलवली होती. अकराव्या महिन्यात बाळ दूध पिताना निळे पडू लागले, तेव्हा मुलीनेच पदर खोचला. जाण्याआधी दारात उभी राहून तिने मला विचारले, "बाबा, तुम्ही शाळेत शिकवता ते खरे, की मला सांगितले ते खरे?"

माउली, त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

अशी बाळे जगात पूर्वीपासून जन्माला येत आली आहेत. पण त्यांच्या लक्षणांचे नीट वर्णन करून त्यांना एक वेगळा गट म्हणून ओळखण्याचे काम 1866 साली इंग्लंडमधील जॉन लँग्डन डाउन या डॉक्टरांनी केले. सरे परगण्यात अर्ल्सवुड नावाची मतिमंदांची मोठी संस्था होती, तिचे ते प्रमुख होते. त्यांची नजर बारकाईची होती. ही मुले नकला फार छान करतात आणि त्यांना विनोद कळतो, हेही त्यांनी टिपून ठेवले. (आमचा नातू माझी अभंग म्हणतानाची नक्कल करतो, डोळे मिटून, मान वाकडी करून. सगळे मंडळ हसते.) पण कारण सांगताना मात्र डॉक्टर चुकले. या मुलांचे चेहरे मंगोल लोकांसारखे दिसतात, तेव्हा आईबापांच्या क्षयरोगामुळे मूल खालच्या वंशाकडे घसरले असावे, असे त्यांनी मांडले, आणि या मुलांना मंगोल हे नाव चिकटवले. म्हणजे पाहणे खरे होते आणि नाव ठेवणे खोटे होते. एका नावात त्यांनी या मुलांनाही खाली ढकलले आणि एका सबंध देशाच्या लोकांनाही.

पुढे साठ-सत्तर वर्षे डॉक्टर मंडळी कारणे शोधत राहिली. कोणी क्षय म्हटले, कोणी बापाची दारू, कोणी गुप्तरोग, कोणी आईच्या कुशीचा थकवा. नीट पाहिले तर या प्रत्येक कारणात आईबापांचा दोष आहे. विलायतेतले विद्वान आणि सिहोऱ्यातला मी, आम्ही एकच गोष्ट करीत होतो. त्यांच्याकडे रोगाची नावे होती, माझ्याकडे मागचा जन्म होता.

लँग्डन डाउन 1896 साली वारले. त्यानंतर 1905 साली त्यांच्या मुलाच्या घरी एक बाळ जन्मले. त्या नातवालाही हीच अवस्था होती. त्याचे नाव आजोबांचेच, जॉन. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. आजोबांनी परक्यांच्या मुलांसाठी जे नाव काढले होते, ते त्यांच्याच घराच्या पाळण्याशी येऊन उभे राहिले होते.

कारणाच्या दिशेने पहिले भक्कम पाऊल लायोनेल पेनरोझ यांनी टाकले. 1933 साली त्यांनी कुटुंबांची माहिती जमवून, आकडे मांडून दाखवले की बापाचे वय, किंवा मूल कितवे आहे, याचा येथे संबंध नाही. आईच्या वयाशी मात्र आहे. त्याच सुमारास, 1932 साली, वार्डेनबर्ग नावाच्या डच नेत्रवैद्याने गुणसूत्रांत काही चूक होत असावी, असा तर्क केला होता. पण तो तपासणार कसा? तेव्हा माणसाच्या पेशीत गुणसूत्रे नेमकी किती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. तीस-एक वर्षे सगळी पुस्तके 48 सांगत होती. 1956 साली स्वीडनमधील लुंड येथे जियो आणि लेवान या दोघांनी नीट मोजले तेव्हा 46 भरली. मास्तर म्हणून मला यात एक धडा दिसतो. एखादा आकडा फळ्यावर तीस वर्षे राहिला म्हणून खरा होत नाही.

आता पॅरिसला चला. तेथे मार्थ गोतिये नावाच्या एक तरुण बालरोगतज्ज्ञ होत्या. त्या अमेरिकेत वर्षभर राहून पेशी वाढवण्याची कला शिकून आल्या होत्या. त्रूसो रुग्णालयातील रेमाँ त्युर्पँ या प्राध्यापकांना डाउन मुलांची गुणसूत्रे मोजायची होती. गोतियेबाईंना एक रिकामी पडलेली प्रयोगशाळा मिळाली, पैसा मिळाला नाही. त्यांनी काचेची भांडी कर्ज काढून आणली. पेशींच्या पोषणासाठी लागणाऱ्या द्रवासाठी एक कोंबडा पाळला, आणि मानवी रक्तद्रव हवा म्हणून स्वतःचे रक्त काढले. 1958 साली त्यांना डाउन मुलाच्या पेशीत 46 ऐवजी 47 गुणसूत्रे दिसली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला छायाचित्राची सोय नव्हती. म्हणून त्यांनी काचपट्ट्या जेरोम लेज्यून या सहकाऱ्याकडे छायाचित्रे काढायला दिल्या. 26 जानेवारी 1959 रोजी निबंध प्रसिद्ध झाला. पहिले नाव लेज्यून यांचे होते. गोतियेबाईंचे दुसरे होते, आणि तेही चुकीचे छापलेले.

पन्नास वर्षे जग तो शोध एकट्या लेज्यून यांचा समजत होते. 2009 साली बाईंनी आपली हकीकत लिहून काढली. 2014 साली फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने त्यांच्या कामाचे मोल जाहीरपणे मान्य केले. 2022 साली, 96 व्या वर्षी त्या वारल्या. लेज्यून यांनीही पुढे सारे आयुष्य या मुलांच्या सेवेत घालवले, हे सांगायला हवे. माणसात दोन्ही असते. नाव ठेवण्याइतकेच एखाद्याचे नाव गाळणेही जड असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता हे 47 वे काय प्रकरण आहे, ते आपल्या शेतातल्या भाषेत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. एकेक आईकडून, एकेक बापाकडून. बीज तयार होताना प्रत्येक जोडी सुटते आणि त्यातले एकच पुढे जाते. क्वचित एखादी जोडी सुटत नाही, दोन्ही बरोबर जातात. मग बाळाच्या पेशीत त्या जागी दोनऐवजी तीन होतात. एकविसाव्या जोडीचे असे झाले की डाउन सिंड्रोम. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बाईच्या चिमटीतून एका जागी दोनाऐवजी तीन पऱ्हे लागतात ना? तिने पाप केले म्हणून लागतात का? हात ओला असतो, पऱ्हे एकमेकांना चिकटलेले असतात.

शंभरातल्या सुमारे 95 मुलांत कारण हेच असते. तीन-चार मुलांत एकविसाव्याचा जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो. तो कधी कधी आईकडून किंवा बापाकडून चालत येतो, म्हणून पुढच्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याने तो तपासून घ्यावा. उरलेल्या एक-दोघांत काही पेशी 46 च्या आणि काही 47 च्या असतात. ग्रहण पाहिल्याने, काही कापल्या-चिरल्याने, कोणाच्या नजरेने असे होत नाही. आईचे वय वाढले की शक्यता वाढते हे खरे: विशीत साधारण 1500 बाळांत एक, पस्तिशीला 350 त एक, चाळिशीला शंभरात एक. पण बाळे तरुण आयाच जास्त जन्माला घालतात, म्हणून अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्या पोटी येतात. माझी मुलगी तेव्हा 23 वर्षांची होती.

आणि हे काही तिच्या एकटीच्या वाट्याला आलेले नव्हते. मुंबई, दिल्ली आणि बडोदा येथे 94,910 नवजात बाळे तपासली, तेव्हा 1150 बाळांमागे एक असे प्रमाण निघाले. मला वाटत होते, पंचक्रोशीत आमचेच घर. खरे तर कितीतरी घरांत अशी लेकरे आतल्या खोलीत होती.

मंगोल या नावाचे पुढे काय झाले? 1961 साली एकोणीस शास्त्रज्ञांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून ते टाकून देण्याची मागणी केली. 1965 साली मंगोलिया देशाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेपुढे हरकत घेतली, आणि ते नाव मागे पडले. शंभर वर्षे लागली. आपल्या गावात या मुलांना जी नावे पडतात, ती मी येथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहेत. ती जायला किती वर्षे लागावीत?

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो. प्रारब्धाचा सिद्धांत खोटा आहे, असे मी म्हणत नाही. माझा तेवढा अधिकार नाही. पण तो आपण आपल्या दुःखात आपल्याला धीर देण्यासाठी घ्यायचा असतो. मी तो बाळंतिणीच्या डोक्यात घातला. आणि हे मी कोणाचे नाव घेत घेत केले? ज्ञानोबांचे.

माउली, तुम्हा-आम्हाला ती कथा तोंडपाठ आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने परत संसारात आले, चार लेकरे झाली. आळंदीने काय म्हटले? संन्याशाची पोरे. दोष म्हणायचा तर आईबापांचा, आणि वाळीत टाकली मुले. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला तरी ते नाव सुटले नाही. शुद्धिपत्रासाठी चार पोरकी भावंडे पैठणपर्यंत चालत गेली. आईबापांच्या कर्माचा शिक्का लेकराच्या कपाळावर मारणे ही आपल्या माउलीवर झालेली जखम आहे. तिच्याच नावाचा गजर करणारा वारकरी तोच शिक्का दुसऱ्या लेकरावर मारतो, तेव्हा तो पैठणच्या कोणत्या बाजूला उभा असतो? मी रेड्याची कथा चाळीस वर्षे ऐकली. ज्याला मुके आणि मूढ ठरवले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून ज्ञानोबांनी वेद बोलवले, यावर मी डोळे पुसले आणि घरी येऊन आपल्याच नातवाचा हिशेब मिटवला.

त्या अकरा महिन्यांचा हिशेबही सांगतो. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर त्यातली बहुतेक मुले वाढतात. अमेरिकेत 1983 साली या माणसांच्या मृत्यूचे मध्यम वय 25 होते. 1997 साली ते 49 झाले. तिथे हवा बदलली नाही, की मागचे जन्म बदलले नाहीत. ही पोरे जगत नाहीत, असे म्हणणे सोडून त्यांची हृदये तपासू लागले. आमच्या बाळाच्या हृदयातले छिद्र दुसऱ्या वर्षी बुजवले. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुसांवर कायमचा ताण आला असता आणि मग शस्त्रक्रियाच करता आली नसती, असे डॉक्टर मला म्हणाले. तो वाचला त्याचे श्रेय त्याच्या आईचे आहे.

आईबापांनी उभे राहायचे ठरवले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. 1944 साली, म्हणजे गुणसूत्र सापडण्याच्या पंधरा वर्षे आधी, मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या डाउन असलेल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. आज जय वकील संस्था त्या घरगुती शाळेतून वाढून उभी आहे. कारण कळण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. मुलगी समोर होती, तेवढे त्यांना पुरले.

आमचा नातू आता विशी ओलांडलेला आहे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. ते त्याचे आहे. भेटलात तर तो स्वतः सांगेल, दोनदा सांगेल. तो उशिरा चालला, उशिरा बोलला. हिशेब त्याला येत नाही. हरिपाठात टाळाचा ठेका मात्र चुकत नाही, आणि माझा चुकला तर तो माझ्याकडे पाहतो. त्याला थायरॉईडची गोळी रोज लागते. पुढची काळजी आहेच. एकविसाव्या गुणसूत्राचा सगळा नकाशा 2000 साली शास्त्रज्ञांनी वाचून काढला. स्मृतिभ्रंशाशी जोडलेले एक जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, म्हणून या माणसांना चाळिशीनंतर विसर पडण्याचा धोका जास्त. संशोधन आज तेथे चालू आहे. मी त्या वेळी नसेन. त्याची आई म्हणते, "तेव्हाचे तेव्हा पाहू बाबा. आज त्याला पखवाज शिकायचा आहे."

एका आषाढीला आम्ही तिघे पंढरपूरला गेलो. वाखरीपासून पायी निघालो. वाटेत एक अनोळखी म्हातारे वारकरी समोर आले. रीतीप्रमाणे ते आमच्या पाया पडले, माझ्या पडले, मुलीच्या पडले, आणि मग नातवाच्या पायांवर डोके ठेवून म्हणाले, "माउली." त्याच्या पाया तोवर कोणी पडले नव्हते. तो क्षणभर गोंधळला. मग खाली वाकून त्यांच्या पाया पडला, आणि पुढे चहावाल्याच्या, फुगेवाल्याच्या, बंदोबस्ताच्या पोलिसाच्याही पाया पडत निघाला. पोलीस आधी दचकला, मग टोपी काढून तोही वाकला. मी मुलीकडे पाहिले. ती रडत होती की हसत होती ते कळले नाही. मी तेथेच रस्त्यात तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "चला बाबा, तो पुढे गेला."

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावात असे बाळ जन्मले तर पहिल्याच महिन्यात हृदयाची तपासणी करा. थायरॉईड, कान आणि डोळे तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. त्यांना बाळ दाखवा, लपवू नका. हातपाय, मान आणि बोलणे यांचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितके बरे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्र काढून घ्या. आणि तुम्ही भजनी मंडळाचे असाल, गावात तुमच्या शब्दाला वजन असेल, तर आधी त्या आईकडे जा. तिला सांगा, बाई, तुझे काही चुकलेले नाही. बीज सुटताना एक धागा जास्तीचा आला, एवढेच.

मग पाळण्याजवळ जा, आणि बाळाचे जे नाव ठेवले असेल त्या नावाने त्याला हाक मारा.

राम कृष्ण हरी.